चिमाजीअण्णांचे दोन शब्द

चिमाजीअण्णा विधाते यांना थोडक्यात काही सांगताच येत नसे. मेथीची जुडी विकायची, तरी आधी हवा, मग विहिरीचं पाणी, मग गिऱ्हाइकाच्या सासूबाईंचे गुडघे, आणि सगळ्यात शेवटी जुडी. पंचवटीच्या बाजारात त्यांच्यापुढं उभं राहिलेलं माणूस निम्मी सकाळ तिथंच घालवी. बरं, बोलणं लांबलचक असलं तरी त्यात खोटं नसे. फ्लॉवरच्या गड्ड्यात अळी असली तर स्वतःच सांगत, "आत पाहुणा हाय बाई, बघून चिरा." बाई अर्थातच शेजारच्या पाटीकडं वळे आणि अण्णांची बायको चंद्रभागा कपाळाला हात लावी.

मखमलाबाद रस्त्याला त्यांचा मळा. पुढच्या अंगाला झेंडू आणि शेवंती, मागं भाजीपाला. भारत हा एकुलता एक मुलगा. बारावीला गणितात त्यानं असे काही मार्क पाडले, की गावातल्या मास्तरांनी येऊन स्वतःचाच सत्कार करून घेतला. एवढा हुशार पोरगा नाशकातच इंजिनिअर झाला असता तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण कॅनडा कॉर्नरवर बसून पोरांना इंग्लंडला पाठवणारे एक सल्लागार भारतला भेटले आणि त्यांनी त्याच्या हातात एक गुळगुळीत रंगीत पुस्तक ठेवलं. त्यात काचेच्या इमारती होत्या, हिरवळीवर पुस्तकं घेऊन लोळणारी गोरी पोरं होती. अण्णांनी ते पुस्तक चार वेळा उलटसुलट पाहिलं.

"एवढं गवत वाढवलंय," ते म्हणाले, "अन् जनावर एक दिसंना."

पण पोराचे डोळे त्या गवतावर लागले होते, ते अण्णांना कळलं. फीसाठी नदीकडचा तुकडा त्यांनी बिल्डरला देऊन टाकला. शहर तसंही कुंपणाला येऊन टेकलेलंच होतं. २००१च्या सप्टेंबरात भारत निघाला, तेव्हा अर्धं गाव मळ्यात जमलं. समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष जयरामनाना यांचं बी-बियाण्याचं दुकान होतं आणि भाषणाची हौस त्याहून मोठी होती. त्यांनी भारतला 'आपल्या समाजाचा पहिला परदेशी इंजिनिअर' करून टाकलं. जाण्याआधीच. मळ्यातल्याच झेंडूचे इतके हार पोराच्या गळ्यात पडले, की आईला शेवटचा पापा घ्यायला गाल सापडेना.

पहिलं वर्ष मजेत गेलं. दर रविवारी दुपारी फोन वाजे. भारत सांगे, इथं लोखंडाच्या सळईला मशीनमध्ये धरून ओढतात, ती किती ताणली की तुटते ते मोजतात. सोमवारी बाजारात अण्णा ते मेथीच्या गिऱ्हाइकांना सांगत. एका बाईंनी विचारलं, "तुटते हे माहीत असून ओढतात कशाला?" अण्णांनी विषय विहिरीच्या पाण्यावर नेला, पण अभिमान काही कमी झाला नाही.

दुसऱ्या वर्षी फोन आखडले. सळई गेली, मशीन गेलं. "चांगलं चाललंय अण्णा. आईला द्या." मग आईपाशीही तेच. तिसऱ्या वर्षी तर तो 'हॅलो' म्हणतानाच 'ठेवतो' म्हणायच्या घाईत असे. चंद्रभागा म्हणे, "अभ्यासाचा ताण आसंल." अण्णांना ते पटत नसे. बोलक्या माणसाला गप्प माणसाची भीती वाटते. त्यातून तो गप्प माणूस आपलाच पोरगा, मग तर विचारूच नका.

२००४च्या उन्हाळ्यात तीन वर्षं पुरी झाली. काळा डगला आणि चौकोनी टोपी घातलेला फोटो यायला हवा होता. तो आला नाही. "थोडे पेपर राहिलेत," भारत म्हणाला. पावसाळा संपला, दिवाळी गेली, पुढचं वर्ष उजाडलं. पेपर राहिलेलेच होते.

आता आपल्याकडं याला एक सरळ उपाय असतो. पोराचं काही बिनसलंय असं वाटलं, की बाप उठतो आणि थेट मास्तरांपुढं जाऊन उभा राहतो. भारत पाचवीत असताना अण्णा तसे गेले होते. "हाडं तेवढी आमची ठेवा गुरुजी, बाकी तुमचं," असं सांगून, पिशवीभर वांगी टेबलावर ठेवून आले होते. तेव्हा आताही तेच करायचं त्यांनी ठरवलं. शाळा जरा लांब होती, एवढंच.

देवळाली कॅम्पात एका निवृत्त कर्नलसाहेबांच्या बंगल्यावर अण्णा कैक वर्षं फुलं देत. साहेबांचं इंग्रजी फाडफाड. अण्णा सगळ्यात टपोरी शेवंती घेऊन गेले आणि व्हरांड्यात उभं राहून सगळी कर्मकथा सांगितली. साहेब मनानं चांगले. त्यांनी तिथल्या तिथं विद्यापीठाला फोन लावला. पलीकडून एक बाई बोलत होती. साहेब आधी हसून बोलले, मग समजावून बोलले, मग सैन्यातल्या आवाजात बोलले. शेवटी 'थँक यू' म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"चिमाजी, वो लोग कुछ नहीं बताएँगे."

"का पण? नाव निराळं सांगितलं का?"

"नाव बरोबर सांगितलं. पण मुलगा सज्ञान आहे. तो पास आहे की नापास, तिथं शिकतो तरी की नाही, यातलं काहीही त्याच्या परवानगीशिवाय ते कोणाला सांगत नाहीत. कायदाच आहे तसा."

"आवो, पण मी बाप हाय त्याचा!"

"तू बाप नाहीस असं ती कुठं म्हणतेय? बापालासुद्धा मुलाची परवानगी लागते."

अण्णा पायरीवर बसले. भारतला शाळेत घालताना, सहलीला पाठवताना, विमानात बसवताना प्रत्येक ठिकाणी बापाची सही लागली होती. आता बापाला पोराची सही लागत होती. बाई वाईट नव्हती, कायदाही त्यांच्या लोकांना बरा असेल. पण सात समुद्रापलीकडं आपलं लेकरू हरवलंय आणि ज्याच्या दारात ते हरवलं तो म्हणतोय, लेकरालाच विचारा. याला काय करावं? देवळालीहून नाशिकच्या बसमध्ये कंडक्टर ओळखीचा होता. अण्णा त्याच्याशीही बोलले नाहीत.

पुढच्या रविवारी चंद्रभागा गावात एका मैत्रिणीकडं पापड लाटायला गेली होती. फोन वाजला आणि अण्णांनी हवापाण्याचं काही न विचारता तोंडावरच विचारलं,

"भारत, तू पास हायेस का नापास?"

पोराचा आवाज आला, अगदी पाचवीतला असावा तसा.

"अण्णा, दोन विषय राहिले, ते परत दिले, परत राहिले. मग काढून टाकलं मला. दोन वर्षं झाली, मी कॉलेजात जात नाही. एका गोदामात खोकी भरतो."

अण्णांना रडू आलं, पण आधी त्यांना हायसं वाटलं, हेही खरं. पोरगा होता. खोकी भरत का होईना, होता.

"मग घरी ये की रं. मळा हाय, आम्ही हाय."

"डिग्री न घेता कुठल्या तोंडानं येऊ? जयरामनाना काय म्हणतील? लोक काय म्हणतील? त्या दिवशी किती हार घातले होते!" मग तो घाईघाईनं म्हणाला, "आईला सांगू नका अण्णा. कोणालाच सांगू नका."

"नाय सांगत," अण्णा म्हणाले. त्या क्षणी त्यांना तसंच वाटत होतं.

पण मळ्यात काम करता करता त्यांच्या डोक्यात एक विचार घोळायला लागला, आणि दुर्दैवानं तो विचार चांगला होता. पोराला घर नको होतं का? होतं. आईबापाची भीती होती का? नव्हती. भीती होती ती लोकांची. मग लोकच 'ये' म्हणाले तर? अण्णांच्या लेखी समाज म्हणजे कोणी परका नव्हता. वीसेक वर्षांपूर्वी भिका नावाचा त्यांचा एक भाऊबंद पाण्याच्या पाळीवरून भावाच्या अंगावर कुदळ घेऊन धावला होता आणि लाजेनं सुरतेला पळून गेला होता. तेव्हा समाजाची बैठक बसली. अण्णांनीच उभं राहून गाऱ्हाणं मांडलं, 'चुकला, पण आपला हाय.' चार माणसं नारळ घेऊन सुरतेला गेली आणि भिकाला घेऊन आली. त्याला कोणी एका शब्दानं टोचलं नाही. चुकलेल्याला समाज पदरात घेतो, फक्त गाऱ्हाणं उघड मांडावं लागतं, मनात ठेवून चालत नाही. हे अण्णांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्याला ते काय करणार?

जुलैत मंडळाचा गुणगौरव समारंभ होता. दहावी, बारावीच्या पोरांचे सत्कार, आणि शेवटी खास सत्कार, परदेशात उच्च शिक्षण घेणाऱ्या भारतचा. तो तिकडं, म्हणून शाल आणि नारळ वडिलांनी घ्यायचा. जयरामनाना आमंत्रण द्यायला स्वतः मळ्यात आले, तेव्हाच नाही म्हणता आलं असतं. अण्णा म्हणाले, "येतो."

मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. पुढं प्रमुख पाहुणे, बाजूला बायका, मागं पोरं हातातल्या नव्या मोबाइलवर खेळत होती. चंद्रभागा ठेवणीतली पैठणी नेसून बायकांत बसली होती. तिच्या कानावर अजून काहीच नव्हतं. शाल अण्णांच्या खांद्यावर पडली, नारळ हातात आला, टाळ्या झाल्या. आणि नाना माइकवर म्हणाले, "अण्णांनी दोन शब्द बोलावेत. पण दोनच, नाहीतर जेवण थंड होईल." सभा हसली.

अण्णांनी माइक दोन्ही हातांत धरला.

"मंडळी, ही शाल माझी नाय. माझा भारत नापास झालाय. दोन वर्सं झाली, तो कॉलेजात जात नाय, गोदामात खोकी भरतो. त्याला घरी यायचंय, पर तुमची लाज वाटती. तवा तुम्हीच त्याला ये म्हना. चार जनांनी फोन केला तरी येईल. चुकला, पर आपला हाय. नंबर माझ्याकडं हाय."

जन्मात पहिल्यांदाच त्यांनी थोडक्यात आटोपलं होतं. मागच्या पोरांनी सवयीनं टाळ्या सुरू केल्या, मग कोणीतरी दटावल्यावर थांबवल्या. पाहुणे घड्याळाकडं बघायला लागले. भिकासाठी जी बैठक बसली होती तीत तीस माणसं होती, जमिनीवर मांडी घालून बसलेली, तंबाखूची एकच पिशवी हातोहात फिरत होती. इथं पाचशे खुर्च्या होत्या. खुर्चीतल्या माणसाला दुसऱ्याचं गाऱ्हाणं पुढच्या खुर्चीतल्या माणसाचं वाटतं. नानांनी हळूच माइक काढून घेतला. "आपले अण्णा फार भावनाप्रधान आहेत," ते म्हणाले, आणि पुढचं नाव पुकारलं.

जेवणात बासुंदी होती. लोक येत, अण्णांच्या पाठीवर हात ठेवत, "होतं असं," म्हणत आणि पुढं सरकत. एका म्हाताऱ्यानं मात्र बाजूला घेऊन सुनावलं, "चिमाजी, झाकली मूठ सव्वा लाखाची असती बाबा. उघडलीस कशाला?" अण्णा पंगतीच्या टोकाला कितीतरी वेळ उभे राहिले. नंबर कोणी मागितला नाही.

घरी येताना रिक्षात चंद्रभागा पदर तोंडाला लावून बसली होती. मळा आल्यावर ती एवढंच म्हणाली, "माझ्यापाशी बोलला नाहीत, अन् माइकवर बोललात." अण्णांना वाटलं, तिनं भांडावं, भांडी आपटावीत. ती आत गेली आणि तिनं चूल पेटवली.

नंबर कोणी मागितला नाही, पण बातमी पोचायला नंबर लागत नाही. भारतच्या बारावीच्या वर्गातला शेखर मागच्या पोरांत बसला होता. त्यानं त्याच संध्याकाळी कॉम्प्युटरवरून भारतला कळवलं. वाईट हेतूनं नव्हे. 'काळजी करू नकोस, आम्ही आहोत' असंही त्यानं लिहिलं होतं म्हणे.

मंगळवारी फोन वाजला. रविवार नसताना वाजलेला फोन अण्णांनी धावत जाऊन उचलला. चार जणांनी फोन केले असणार, पोरगा येतो म्हणून सांगत असणार, अशी त्यांना वेडी आशा.

"अण्णा, मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं."

"आरं, तुझ्याचसाठी... त्या भिकाच्या वेळी..."

"मी दिवाळीला येणार होतो." भारत ओरडत नव्हता, तेच वाईट होतं. "तिकिटाचं बघत होतो. डिग्री झाली, पण नोकरी मिळत नाही, म्हणून परत आलो, असं सांगणार होतो. कोण तपासायला येणार होतं? इथं तर बापालासुद्धा सांगत नाहीत. आता ते पण राहिलं नाही. आता कसा येऊ, तुम्हीच सांगा."

ज्या दारातून पोरगा गुपचूप घरात शिरणार होता, तेच दार त्यांनी स्वतःच्या हातानं, माइक लावून बंद केलं होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. "चुकलो रं," ते म्हणाले. "बापाला माफ कर." पण तोवर फोन ठेवलेला होता.

मग अण्णांनी जे केलं ते नाशकात अजून लोक हसून सांगतात. ऐकणाराही हसतो, आणि मग विषय बदलतो. दुसऱ्या दिवसापासून पाटी बाजारात न नेता ते घरोघर हिंडायला लागले. मखमलाबाद, पंचवटी, गणेशवाडी. समारंभाला आलेल्या माणसाच्या दारात जाऊन उभे राहत आणि म्हणत, "त्या दिवशी मी खोटं बोललो. माझा भारत पास हाय. इंजिनिअर झालाय. मलाच काय भ्रम झाला ठावं नाय." ज्या माणसाला गड्ड्यातली अळी लपवता येत नव्हती, तो हे खोटं बोलत होता, आणि इतकं वाईट बोलत होता की लहान मुलालाही कळावं. लोक म्हणत, "हो हो अण्णा, बसा," आणि चहा ठेवत. अण्णा चहा पीत, पुन्हा एकदा म्हणत, "पास हाय तो," आणि उठत. एकानंही त्यांना खोटं पाडलं नाही. एकानंही विश्वास ठेवला नाही.

भिकाच्या फुलांच्या दुकानात गेले, तेव्हा भिका म्हणाला, "अण्णा, मी जातो त्याला आणायला. कुठं जायचं सांगा." अण्णांनी त्याच्याकडं पाहिलं. सुरतेच्या पुढं भिका कधी गेला नव्हता, आणि इंग्लंडला जायला काय काय लागतं ते दोघांनाही धड माहीत नव्हतं.

चंद्रभागेनं एक-दोनदा अडवून पाहिलं. मग तिनंही सोडून दिलं. ती मळ्यातली फुलं तोडी, बाजार करी आणि रविवारी दुपारी फोनजवळ निवडायला मेथी घेऊन बसे. फोन वाजत नसे. इकडून लावला तर तिकडं कोणी उचलत नसे, किंवा दुसराच कोणी पोरगा उचलून 'नाही' म्हणे.

दिवाळीच्या तोंडाशी अण्णा जयरामनानांच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. नाना त्या समारंभापासून अण्णांना जरा चुकवीतच असत. सत्कार आपण ठेवला, माइक आपण दिला, हे त्यांना लागून राहिलं होतं. त्यांनी खुर्ची पुढं सरकवली.

"नाना, एक काम करा. तुमचा फोन त्यो उचलंल. तुमचा नंबर त्याला ठाव नाय."

"करतो की. काय सांगू?"

"सांगा, तुझ्या बापाच्या डोक्यावर परिणाम झालाय."

"अण्णा!"

"सांगा. काही बरळत हिंडतो म्हनावं. सभेत बोलला तेबी येडाच्या भरात बोलला. येड्याचं कोन मनावर घेतं? समाजात कोनी खरं मानलं नाय, तू पासच हायेस समद्यांच्या लेखी, बिनघोर ये, म्हनावं."

नाना खूप वेळ नको नको म्हणाले. पण अण्णा हात जोडून उभेच राहिले, आणि वडीलधारा माणूस आपल्यापुढं हात जोडून उभा आहे, हे नानांना बघवेना. त्यांनी फोन लावला. या खेपेला भारतनंच उचलला. नानांना भाषणाची सवय, पण त्या दिवशी त्यांचा शब्द अडखळत होता. "अरे, मी जयरामनाना... तुझ्या वडिलांचं जरा... हो, डोक्याचं... सभेत बोलले ते काही कोणी धरलं नाही रे..." अण्णा काउंटरला टेकून उभे होते आणि प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, बरोबर, असंच सांगा.

मग नाना ऐकत राहिले. 'हं', 'हो', 'नाही, दाखवलं नाही अजून', एवढंच बोलले. शेवटी त्यांनी फोन ठेवला आणि काउंटरवरची बियाण्यांची पाकिटं उगाच सारखी करायला लागले.

"काय म्हनला?"

"लई घाबरला. कधीपासून झालं, विचारत होता. डॉक्टरला दाखवलं का, म्हणाला. रडत होता."

अण्णांचा चेहरा उजळला. किती महिन्यांनी उजळला असेल. "म्हंजी पटलं त्याला! खरं वाटलं! मग? येतो म्हनला ना?"

नानांनी पाकिटं खाली ठेवली.

"औषधाला पैसे पाठवतो म्हणाला."